सिनेमात वारलेल्या मॅम ओसिंग

मॅम ओसिंग जिवंत आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या बेटावरच्या पुन्ता बातो गावाच्या धक्क्यावर उतरणारे पाहुणे हल्ली त्यांच्या थडग्याची वाट विचारतात, आणि रिक्षावाले त्यांना खुशाल टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत नेऊन सोडतात. तिथवरचं भाडं जास्त पडतं ना. थडगं न सापडल्यामुळे हिरमुसलेली ही मंडळी उन्हातून पायी खाली येतात आणि पहिलं दुकान लागेल तिथे थंड काहीतरी मागतात. काउंटरमागे एक बुटकी, जाडसर, चष्मा नाकावर घसरलेली बाई बसलेली असते. तिला ते ओल्या डोळ्यांनी सांगतात, की या गावात केवढी थोर शिक्षिका होऊन गेली. बाई म्हणते, "असं का? बाटली इथेच ठेवून जा."

त्याच मॅम ओसिंग.

पूर्ण नाव युफ्रोसिना पालमारेस. मी लिब्रादा. मी त्याच शाळेत शिवण आणि स्वयंपाक शिकवायचे. आमच्या दोघींच्या वर्गांमध्ये प्लायवूडची एक भिंत होती, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे त्यांनी उभ्या हयातीत वर्गात जे काही उच्चारलं ते मी ऐकलेलं आहे, तेही दोनदा: एकदा त्यांच्या तोंडून आणि एकदा साऱ्या वर्गाच्या. माझ्या वर्गातल्या मुली पाढ्यांच्या चालीवर काजं करायच्या. साताचा पाढा संपला की दोरा तोडायचा, असं ठरूनच गेलं होतं.

एवढ्या वर्षांत भिंतीपलीकडून आयुष्याबद्दल, स्वप्नांबद्दल, आभाळाला हात लावण्याबद्दल एक अक्षर ऐकू आलं नाही. आलं ते एवढंच: "पुन्हा." "हातचा कुठे गेला?" "खिडकीबाहेर उत्तर लिहिलंय का?" चौथीचं गणित त्यांच्याकडे होतं, आणि भागाकार आल्याशिवाय पोर पाचवीत जाणार नाही हा त्यांचा एकुलता एक सिद्धांत. आईबाप चिडायचे, हेडमास्तर हात जोडायचे. मॅम ओसिंग म्हणायच्या, "पाचवीत पाठवते की. भागाकार आला की लगेच पाठवते." पोरं त्यांना घाबरायची. बाजारात त्या समोरून दिसल्या, तर मासळीच्या टोपल्यांमागे लपणारी बाप्ये माणसं मी पाहिली आहेत.

घरी नवरा, क्रिस्पुलो. त्याला सगळं गाव पुलोंग म्हणतं. कोंबडे झुंजवणं हा त्याचा व्यवसाय आणि हरणं हा छंद. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी दोघं अंगणात बसून माडी पीत, म्हणजे तो पिई आणि त्या वह्या तपासत. भांडणं रोजची, पण आवाज न चढवता. गाव त्याला सुखाचा संसार म्हणतं.

आता वेंडेल. वेंडेल सुमागायसाय हा आमच्या बर्फाच्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा. बर्फाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून शाळेत यायचा, डब्यात तळलेली कोंबडी असायची. त्याला भागाकार येत नव्हता. वर्ष संपता संपता त्याच्या बापाने मॅम ओसिंगच्या घरी टोपलीभर कोळंबी पाठवली. गावाला वाटलं, आता बाई टोपली परत करणार आणि बाणेदार काहीतरी बोलणार. तसं काही झालं नाही. त्यांनी कोळंबी लसणात परतली, नवरा-बायकोने पोटभर खाल्ली, मलाही वाटीभर दिली, आणि वेंडेलला नापास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा केलं. तेव्हा टोपली आली नव्हती.

हा वेंडेल पुढे मनिलाला गेला, टीव्हीवर बक्षिसं वाटण्याच्या कार्यक्रमात हसू लागला, आणि हसता हसता निर्माता झाला. मॅम ओसिंग निवृत्त होऊन, घराच्या पडवीत दुकान टाकून, मागच्या ओट्यावर दुपारची पोरं शिकवू लागल्या होत्या, तेव्हा तो एक दिवस काळा चष्मा लावून दारात उभा राहिला.

"मॅम, ओळखलंत का?"

"भागाकार आला का?"

तो खूप हसला. सोबत पटकथा लिहिणारा एक सडपातळ तरुण होता, त्याने हे लगेच टिपून घेतलं. वेंडेल म्हणाला, "मॅम, मी तुमच्यावर सिनेमा काढतोय. तुम्ही मला घडवलंत."

"मी तुला नापास केलं."

"तेच ते, मॅम. त्यातूनच घडलो."

पटकथेवाला चार दिवस ओट्यावर बसून होता. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण क्षण कोणता, असं त्याने विचारलं. मॅम ओसिंग म्हणाल्या, इन्स्पेक्टर आलेला आणि खडू संपलेले. मुलांना तुम्ही कसली स्वप्नं दाखवलीत, विचारलं. त्या म्हणाल्या, "वर्गात झोपू देत नव्हते मी." शेवटी त्याने मलाच बाजूला घेतलं. "मॅम लिब्रादा, काहीतरी सांगा हो. त्या फारच कोरड्या बोलतात."

मग मी त्याला वादळाचं सांगितलं. एका वर्षी मोठं वादळ आलं, शाळेचं छप्पर उडालं, सारं गाव चर्चमध्ये येऊन बसलं. बाहेर माड आडवे होत होते, आत बायका माळ जपत होत्या, पोरं रडत होती. मॅम ओसिंगनी चौथीची पोरं एका कोपऱ्यात गोळा केली आणि पाढे सुरू केले. दोनपासून. बारापर्यंत गेल्या की परत दोनपासून. इतर वर्गांची पोरंही येऊन मिळाली, कारण रडण्यापेक्षा ते बरं होतं. उजाडेपर्यंत तेच चालू. पाद्रीबाबांनी दोनदा विनवलं, "मॅम, थोडा वेळ प्रार्थना होऊ दे." त्या म्हणाल्या, "नवाचा झाला की थांबते." थांबल्या नाहीत. पुलोंग आजही म्हणतो, वादळ परवडलं. पण खरं सांगते, त्या चर्चमध्ये एकही पोर घाबरून किंचाळलं नाही. किंचाळायला फुरसत नव्हती.

पटकथेवाल्याचे डोळे चमकले. "वा. आणि मग त्यांनी गाणं म्हटलं का?"

"पाढे."

"हो, हो. पण गाणंही चालेल."

त्यानंतर नटी आली. अमारा व्हिल्याक्रूझ. जाहिरातीत साबण लावते ती. तिला आठवडाभर मॅम ओसिंगच्या घरी राहून त्यांच्यातलं तेज टिपायचं होतं, असं वेंडेलने फोनवर सांगितलं. मॅम ओसिंगनी पाहिलं: उंच, गोरी, त्यांच्या निम्म्या वयाची आणि निम्म्या वजनाची.

"ही मी?"

"तरुणपणची," पुलोंग म्हणाला. तो एकटाच खूश होता.

"तरुणपणी तू मला पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं. म्हणून तर म्हणतो, बदल चांगला आहे."

दुपारी मुलांबरोबर अमाराही ओट्यावर बसली. मॅम ओसिंगनी विचारलं, "नाव काय?"

"अमारा, मॅम."

"आईनं ठेवलेलं विचारतेय."

तिने आजूबाजूला पाहिलं. "जोनालिन."

"हजेरीत तेच लागतं. बस, जोनालिन. खडू तसा उभा धरू नकोस, किंचाळतो."

पहिले दोन दिवस ती मॅम ओसिंगचं चालणं, चष्मा वर सरकवणं, रुमालाने नव्हे तर मनगटाने घाम पुसणं, असलं सगळं बघून बघून गिरवत होती. तिसऱ्या दिवशी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज होती. एका पोराला पुढे बोलावलं, ते चुकलं, दुसरं चुकलं, आणि तिसऱ्या वेळी मॅम ओसिंगनी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "जोनालिन, तू ये."

ती उठली. खडू आडवा धरला. गणित सुंदर अक्षरात उतरवून काढलं आणि थांबली. थांबूनच राहिली. पोरं खुदखुदायला लागली. मॅम ओसिंगनी पोरांना गप्प केलं, तिला खाली बसवलं आणि शिकवणी पुढे चालू ठेवली.

संध्याकाळी आम्ही तिघी मागच्या दारी मासे साफ करत होतो. तीच आपण होऊन बोलली.

"अकराव्या वर्षी गाण्याची स्पर्धा जिंकले, मॅम. मग शाळेत गेलेच नाही. सहावी अर्धी राहिली."

मॅम ओसिंग खवले काढत राहिल्या.

"माझी मुलगी आहे. तिसरीत. लोकांना माहीत नाही. आईजवळ असते ती. परवा फोनवर म्हणाली, मम्मा, एक तृतीयांश मोठं की एक चतुर्थांश? मी म्हटलं, शूटिंग आहे, नंतर सांगते. तीनदा म्हटलं असं. आता ती विचारत नाही."

मला वाटलं, आता मॅम तिच्या खांद्यावर हात ठेवतील. माझेच हात मासळीने बरबटले होते, नाहीतर मी ठेवला असता. मॅम ओसिंग म्हणाल्या, "तुला कुठलं मोठं वाटतं?"

"चतुर्थांश. चार मोठे ना."

"हं. हात धुऊन ये."

"केक कापून दाखवणार का, मॅम? आमच्या शाळेत एकदा दाखवलं होतं."

"केक कापला की केक लक्षात राहतो. पाटी घे."

राहिलेले दिवस तेज वगैरे टिपणं राहून गेलं. ती सकाळी गणितं सोडवी, दुपारी पोरांबरोबर बसे आणि संध्याकाळी पुलोंगच्या कोंबड्यांना मका टाकता टाकता पाढे म्हणे. जायच्या दिवशी दुकानाच्या दारात उभी राहून तिने आईच्या घरी फोन लावला आणि मुलीला तृतीयांशाचं उत्तर सांगितलं. पलीकडून मुलगी म्हणाली, "मम्मा, ते केव्हाच झालं. आता दशांश चाललेत." जोनालिनने मॅम ओसिंगकडे पाहिलं. पण होडी आली होती.

शूटिंग आमच्या गावात झालंच नाही. आमची वाळू करडी आहे. वेंडेलने पांढऱ्या वाळूचं दुसरं बेट शोधलं.

सिनेमाचं नाव "फळ्यावरचा सूर्य". मनिलात लागायच्या आधी खास आमच्या गावात दाखवायचा, असं वेंडेलने जाहीर केलं. शेवटची होडी पाचला असते आणि त्याला रात्र आमच्याकडे काढायची नव्हती, म्हणून खेळ भरदुपारी ठेवला. बास्केटबॉलच्या कोर्टाला चारी बाजूंनी काळी ताडपत्री लावली. आत अंधार झाला आणि भट्टीही. सगळं गाव पंखे, शहाळी आणि उकडलेले शेंगदाणे घेऊन आलं. पहिल्या रांगेत गव्हर्नरांच्या खुर्चीसारख्या एका खुर्चीत मॅम ओसिंग, एका बाजूला पुलोंग, दुसऱ्या बाजूला मी.

सिनेमात मॅम ओसिंग होडीच्या टोकावर केस मोकळे सोडून बेटावर येतात. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, ही तर मासळीबाजाराच्या मागे जन्मली." मग एक फाटक्या चड्डीतला गरीब मुलगा पुस्तकं डोक्यावर बांधून खाडी पोहत शाळेत येतो. त्याचं नाव वेंडेल. बर्फाच्या कारखान्यातला जुना ड्रायव्हर तिथेच बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "मग मी रोज ट्रकातून कुणाला आणत होतो?"

पुढे बाई मुलांना समुद्रावर नेतात आणि गणिताचं पुस्तक लाटांत भिरकावून म्हणतात, "ज्ञान पानांत नाही, मुलांनो, पाण्यात आहे." मुलं टाळ्या वाजवून बाईंना मिठ्या मारतात. आमच्या शाळेत तीन पोरांत एक पुस्तक असायचं. मॅम ओसिंग माझ्या कानाशी लागल्या. "कितवीचं होतं गं ते?" मी म्हटलं, सिनेमातलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा, "ओलं तरी सापडलं असतं. कुणी काढलं का?"

बाईंचा एक प्रियकर आहे, रुंद छातीचा खलाशी. तो बुडतो. पुलोंग बराच वेळ पडद्याकडे बघत बसला.

"हा कोण?"

"तूच असशील," मॅम ओसिंग म्हणाल्या.

"मी बुडालो?"

"तसं दिसतंय."

"लग्नाआधी?"

"हो."

तो विचारात पडला आणि मग म्हणाला, "छाती बरी दाखवलीय."

वादळात बाई झेंड्याच्या खांबाला मिठी मारून गाणं म्हणतात. हे सगळे मनिलाच्या भाषेत बोलत होते. आमच्या बेटावर तसं फक्त टीव्ही बोलतो. शेवटी बाईंना खोकला लागतो. कसल्याशा पांढऱ्या झग्यात त्या पलंगावर पडून असतात, भोवती मुलं मेणबत्त्या घेऊन उभी. वेंडेल नावाचा मुलगा म्हणतो, "मॅम, मी नापास झालो." त्या म्हणतात, "तू नाही, बाळा. जग नापास झालं." आणि मान टाकतात.

सगळं कोर्ट वळून मॅम ओसिंगकडे बघायला लागलं. त्या शेंगदाणे खात होत्या. एवढी माणसं बघताहेत म्हटल्यावर त्यांनी शिष्टाचार म्हणून चावणं थांबवलं. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या सेलेडोनियाने क्रूस केला आणि पुढे वाकून त्यांचा दंड चाचपून पाहिला. मला रडू आलं होतं, नाकारत नाही. संगीतच तसं होतं.

दिवे लागले. वेंडेल हात पसरून आला. "मॅम, कसा वाटला?"

"लांब आहे."

"सगळं तुमच्यासाठी केलं, मॅम."

"मला खोकला कधीच नव्हता, वेंडेल."

"ते प्रतीक आहे, मॅम."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... खरं नाही."

"मग हरकत नाही," मॅम ओसिंग म्हणाल्या आणि शेंगदाण्यांची टरफलं पिशवीत भरायला लागल्या.

मी त्यांच्याबरोबर घराकडे निघाले. पुलोंग मागे राहून लोकांना, तो बुडालेला मीच, असं सांगत होता. बराच रस्ता मॅम ओसिंग टरफलांची पिशवी सांभाळत चालत होत्या. मग म्हणाल्या, "लिब्रादा, माझ्या वर्गात पोरांनी मला कधी मिठी मारली होती का? तू भिंतीपलीकडे असायचीस, मला कदाचित आठवत नसेल."

"नाही, नांग."

"एकदाही?"

"भिंत होती ना, दिसायचं नाही. पण आवाजावरून तरी नाही."

"हं." पुढे गेल्यावर म्हणाल्या, "त्या बाईला मात्र सारखी मारत होती."

"ती सिनेमातली आहे हो."

"ते कळतं मला. रीत तशी असते का, एवढंच विचारत होते."

मी त्यांना ताई म्हणते, नांग, कारण त्या माझ्याहून मोठ्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना आधी माहीत नव्हतं.  आम्ही घर आलं म्हणून थांबलो.

सिनेमा मनिलात आठवडाभर चालला. समीक्षकांनी त्याला चांगल्या हेतूचा म्हटलं, म्हणजे संपलंच. वेंडेल टीव्हीवर म्हणाला, लोकांना प्रेरणा नको झाली आहे. पण सिनेमा फोनवर आला आणि फुकट झाला, तसा तो घरोघर शिरला. महापौरांनी शाळेसमोर मॅम ओसिंगचा सिमेंटचा पुतळा बसवला. एक हात समुद्राकडे, दुसऱ्यात पुस्तक, अंगाला सोनेरी रंग. चेहरा नटीचाही नाही आणि मॅमचाही नाही. गवंडी म्हणाला, सेंट रीटाचा साचा हाताशी होता. खालच्या फरशीवर जन्मसाल कोरलेलं आणि त्यापुढे एक आडवी रेघ. मॅम ओसिंगनी विचारलं, पुढे काय? महापौर म्हणाले, "ते सवडीनं, मॅम. घाई नाही." पुलोंग सकाळी आपला कोंबडा त्या चौथऱ्याला बांधतो. सावली चांगली पडते.

जिल्ह्याने शिक्षकांच्या मेळाव्यात मॅम ओसिंगना बोलावलं. विषय: प्रेरणा. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांना तास दिला होता. त्या माइकसमोर गेल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "वह्या रोज तपासा." आणि खाली येऊन बसल्या. उरलेल्या वेळात सर्वांना झुंबा करायला लावला.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, एक बॅग घेऊन, केस कापलेली जोनालिन होडीतून उतरली. सिनेमा पडल्यावर कामं आटली होती. तिला आता मरणाऱ्या बायकांचीच कामं येत होती.

मॅम ओसिंगनी विचारलं, "पुन्हा सिनेमा?"

"नाही, मॅम. दशांश राहिलेत."

शाळा सुटलेल्या मोठ्या माणसांसाठी सरकारी परीक्षा असते. ती पास झालं की कॉलेजची वाट मोकळी. जोनालिनला ती द्यायची होती. मॅम ओसिंगनी मागची खोली रिकामी करून दिली. पुलोंग गावभर म्हणत फिरला, मी बुडालो ते वाया गेलं नाही, घरात नटी आली. दुकानासमोर फोटो काढणाऱ्यांची रांग लागली. मॅम ओसिंगनी नियम केला: फोटो हवा असेल त्याने आधी मी सांगेन तो पाढा म्हणायचा. तेरा, सतरा असले पाढे त्या सांगायच्या. दोन दिवसांत गर्दी पांगली.

जोनालिन मेहनती होती, पण पाठांतराची सवय संवादांची. समजलं नाही तरी ती इतक्या खात्रीने बोलायची, की ऐकणाऱ्याला पटून जाई. मॅम ओसिंगना पटत नसे. "आवाज छान आहे. उत्तर चूक आहे. पुन्हा." त्या ओट्यावर नऊ-दहा वर्षांच्या पोरांत मांडी घालून ती पाटीवर पुन्हा पुन्हा भागाकार करायची. पोरांनी तिला सांभाळून घेतलं. हातचा विसरली की एखादी चिमुरडी हळूच तिच्या गुडघ्याला टोचायची.

ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. वाचन, लेखन, सगळं उत्तम, गणित गेलं. निकाल फोनवर पाहून ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. पुलोंग शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "सिनेमातल्यापेक्षा बरं रडतेस." तो तिला हसवायला बघत होता.

मॅम ओसिंग आतून आल्या. मी तिथेच होते. सिनेमा बघून बघून मलाही सवय लागली असावी. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. जोनालिनने मान वर केली होती, तिलाही तसंच वाटलं असणार. तिच्या तोंडी तर ते वाक्य आधीच घातलं गेलं होतं: तू नाही, जग नापास झालं.

"कुठलं आलं नाही, आठवतंय का?" मॅम ओसिंगनी विचारलं.

"दशांशाचा भागाकार. टिंब कुठे द्यायचं तिथे गोंधळले."

"मग उद्या तिथून."

त्या आत वळल्या. जोनालिन म्हणाली, "मॅम, तुम्ही काहीच म्हणणार नाही?"

"म्हटलं की. उद्या तिथून."

भात लावायला गेल्या त्या. मी मागोमाग गेले, जरा रागातच. त्या तांदूळ धूत होत्या, गरजेपेक्षा जास्त वेळ. "ती माझ्याकडे बघत होती, लिब्रादा. मी काहीतरी बोलेन म्हणून."

"मग बोलायचं होतं."

"सुचलं नाही."

"तुम्हाला कधीच सुचलं नाही, नांग."

"हं," त्या म्हणाल्या. "टिंबाचं मात्र माझ्याकडूनच राहिलं. मी घाई केली तिथे." आणि रात्रीच्या जेवणात त्यांनी तिच्या ताटात माशाचं पोट वाढलं, जो तुकडा पुलोंगला मिळायचा. पुलोंगने पाहिलं आणि काही बोलला नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते समजा.

दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन जोनालिन हजर होती. पुढच्या वर्षी ती पास झाली. अगदी काठावर नाही, पण झेंडा लावण्यासारखंही नाही. तिने मॅम ओसिंगना निकाल दाखवला. त्यांनी चष्मा वर करून फोन लांब धरून वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

बातमी वेंडेलपर्यंत पोचली. तो पुन्हा काळा चष्मा लावून आला. दुसरा भाग काढायचा होता: नटीला खऱ्या शिक्षिकेने शिकवलं. अडचण एवढीच, की शिक्षिका पहिल्या भागात वारली होती.

"त्यावर तोडगा काढलाय, मॅम. तुमचा आत्मा तिला शिकवतो."

मॅम ओसिंगनी विचार केला. "आत्म्याला फळा लागेल ना?"

"फळ्यावर अक्षरं आपोआप उमटतात, मॅम. निळ्या उजेडात."

"उत्तरं कोण काढतं?"

"तीही उमटतात."

"मग ती शिकली काय?"

वेंडेल जोनालिनकडे वळला. ती म्हणाली, तिला इलोइलोच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, वर्ग सुरू व्हायचे आहेत. सिनेमाला तिची ना नाही, पण सकाळच्या तासांना हजेरी लागते. वेंडेल म्हणाला, विचार कर, एवढी मोठी कथा आहे. ती म्हणाली, "हो ना, सर. दुसऱ्या कुणाला तरी द्या." पैसे लावणारा मिळाला नाही म्हणून आत्मा पुढे काही आला नाही, असं नंतर ऐकलं.

परवा सुट्टीत जोनालिन आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी आता पाचवीत आहे, आईसारखीच उंच होणार. तिने सिनेमा फोनवर कितीदा तरी पाहिलेला. दुकानात शिरताच ती मॅम ओसिंगकडे टक लावून बघत राहिली, कदाचित पांढरा झगा शोधत असावी, आणि आईच्या मागे सरली. पुलोंगने तिला कोंबडा दाखवायचं आमिष दाखवलं, तेही चालेना.

"इकडे ये," मॅम ओसिंग म्हणाल्या. "नाव काय?"

"आंजेली."

"आठ सप्तमांश म्हणजे किती पूर्ण आणि किती उरले?"

मुलगी बोलेना. तवा चुलीवर होता, मी मासे तळत होते. जोनालिन ओठ हलवायला लागली, उत्तर मुलीला दिसावं इतपत.

"तू गप्प," मॅम ओसिंग तिला म्हणाल्या. "तिला येऊ दे."

जोनालिन गप्प झाली. मुलीने भिंतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. मॅम ओसिंग हनुवटी तळहातावर टेकवून बसल्या. एक गिऱ्हाईक साबणाची वडी मागत आलं, त्याला त्यांनी हातानेच थांब म्हटलं. ते थांबलं; तेही कधीकाळी त्यांच्याच वर्गात होतं. माझे मासे एका बाजूने करपायला आले, तरी मी उलथणं वाजू दिलं नाही. मुलीने बोटं मिटली, पुन्हा उघडली, आणि आम्ही सगळे तसेच वाट बघत होतो.